एकवीस वाघ

शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता पार्सलकाकांच्या बालवर्गात बावीस मुलं होती आणि त्यातली एकवीस वाघ झाली होती. सहा वाघ टेबलावर चढले होते, चार खिडकीचे गज धरून गुरगुरत होते आणि एकाने मदतनीस मावशींच्या झाडूची शिकार करून काड्या चहूकडे उधळल्या होत्या. बाविसावी मुलगी टेबलाखाली पाय पोटाशी घेऊन बसली होती. गंमत म्हणजे वर्गातला खरा, कागदोपत्री वाघ तीच होती.

आणि फाटकातून तपासनीस बाईंची गाडी आत येत होती.

पार्सलकाका हे काही त्यांचं बारशाचं नाव नव्हे. सव्वीस वर्षं पार्सल कचेरीत काढल्यावर माणसाचं मूळ नाव फक्त दाखल्यांवर उरतं. पुढे कचेरीत यंत्र आलं, यंत्र पार्सलं निवडू लागलं आणि काकांच्या हातात भिंतीवरचं घड्याळ ठेवून त्यांना निरोप देण्यात आला. वय पन्नास. मेहुण्याने आपल्या गोदामावर देखरेखीची जागा लगेच देऊ केली. काकांनी ती नको म्हटलं आणि बालशिक्षणाच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. त्यानंतर दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

"अहो, आपली दोन लहान होती तेव्हा एकदा तरी दुपटं बदललंत का?" तिसऱ्या दिवशी बायकोने तोंड उघडलं.

"नाही ना. म्हणूनच तर," काका म्हणाले. "ते सगळं राहूनच गेलं."

बायकोने वाद तिथेच सोडला. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. मेहुणा मात्र तसा सोडणारा नव्हता. "भाऊजींचं हे खूळ उतरेल. तोवर जागा धरून ठेवतो," असं सांगून तो जायचा आणि दर महिन्याला येऊन खूळ कुठवर उतरलं ते बघायचा.

अभ्यासक्रमात चाळीस बायका आणि एक काका. परीक्षा झाली, काका पास झाले आणि तीन महिन्यांच्या चाचणीवर या बालशाळेत रुजू झाले. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला ताई म्हणतात एवढंच मुलांना ठाऊक. त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांची 'मिशीताई' झाली. काकांनी त्या दिवशी सतरा वेळा दुरुस्ती करून पाहिली. दुसऱ्या दिवशी ते त्या हाकेला ओ देऊ लागले आणि तिसऱ्या दिवशी एका पालकाने 'सर' म्हणून हाक मारली तेव्हा मागे वळून सर कोण ते पाहू लागले.

खरं सांगायचं तर काकांना इतकं सुख आजवर कधी झालं नव्हतं. सव्वीस वर्षांत एकाही पार्सलाने सकाळी धावत येऊन त्यांच्या गुडघ्याला मिठी मारली नव्हती. ही नोकरी त्यांना हवी होती, अगदी लहान मुलाला चेंडू हवा असतो तशी. आणि ती मिळणार की जाणार हे या शुक्रवारच्या तपासणीवर होतं. तपासनीस बाईंनी 'योग्य' लिहिलं तर कायम. 'अयोग्य' लिहिलं तर सोमवारपासून गोदाम. मेहुण्याने शिट्टी आणि विजेरीसुद्धा आणून ठेवली होती.

आता हे वाघ कुठून आले ते सांगायला हवं. या शाळेची एक पद्धत होती. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांना नाव वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाला एक चित्र दिलेलं असे. कोणी किटली, कोणी ढग, कोणी गाजर, कोणी बेडूक. वर्गात राहणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ते चित्र चिकटवलेलं: पाण्याच्या मगावर, झोपायच्या उशीवर, रंगकामाच्या ॲप्रनवर, आत घालायच्या सपातांवर आणि जादा कपड्यांच्या पिशवीवर. या सगळ्या वस्तू शाळाच देई आणि सगळ्या एकाच निळ्या रंगाच्या, कारण मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, समानतेवर गाढ विश्वास होता. बावीस मुलं, पाच वस्तू, एकशे दहा चित्रं. चित्र निघालं तर कोणता मग कोणाचा हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता आलं नसतं.

चित्रं जुनी झाली होती. किटलीची चोच झिजून तिचा बटाटा झाला होता आणि बेडूक हा बेडूक आहे की डाग आहे यावर दोन मतं होती. पार्सल कचेरीत मुरलेल्या माणसाला फाटकं लेबल बघवत नाही. माल फाटला तरी चालेल, लेबल फाटता कामा नये, या एका वाक्यावर काकांची सव्वीस वर्षं उभी होती. त्यात उद्या तपासणी. म्हणून गुरुवारी मुलं घरी गेल्यावर त्यांनी बादलीभर कोमट पाणी घेतलं आणि एकूण एक चित्र भिजवून सोलून काढलं.

"दादा, हे नसते उद्योग कशाला?" मावशी दारातून म्हणाल्या. मावशी या वर्गाच्या मदतनीस. त्यांच्या हातून मुलांच्या दोन पिढ्या गेल्या होत्या. "चिकटलीयेत तोवर राहू द्या की."

"मावशी, लेबल म्हणजे पार्सलाचा चेहरा असतो."

"असेल. पोरांना त्यांचा त्यांचा असतो."

काकांनी लक्ष दिलं नाही. स्वतःच्या मुलीकडून त्यांनी एकशे दहा नवी सुंदर चित्रं काढून घेतली होती. ती चिकटवायला बाजारातला तयार डिंक त्यांनी आणला नाही. डिंकावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी पार्सल कचेरीच्या पद्धतीने मैद्याची खळ शिजवून आणली होती. एक पार्सल चौदा वर्षं भटकून परत आलं तरी त्यावरचं लेबल तसंच होतं, ही गोष्ट ते कोणालाही सांगत. ते पार्सल पुठ्ठ्याचं होतं हे मात्र त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. इथे पाण्याचे मग प्लास्टिकचे, सपाता रबराच्या आणि उशांना गुळगुळीत कापड. काकांनी सगळं चिकटवलं, सपाता एकीकडे, उशा दुसरीकडे, असे पाच ढीग रचले, खळ लवकर वाळावी म्हणून पंखा मोठा करून ठेवला आणि समाधानाने घरी गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सकाळी दार उघडलं तेव्हा खळ छान वाळली होती आणि एकशे नऊ चित्रं जमिनीवर पसरली होती. एक गाजर तेवढं टिकलं होतं, तेही उडून जाऊन पुठ्ठ्याच्या खोक्याला चिकटलेलं.

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. पाच ढीग, सगळे निळे, सगळे कोरे.

"आता?" मावशींनी विचारलं.

"आता... डिंक आणतो."

"डिंक आणाल हो. पण कोणाचं काय ते कळणार कसं?"

तेवढ्यात पालक येऊ लागले. तपासणी म्हणून मोठ्या बाईंनी सगळ्यांना अर्धा तास लवकर बोलावलं होतं. काका दारात उभे राहून एकेकाला आत घेत होते. मावशींनी घाईघाईत चित्रं झाडून एका टोपलीत भरली आणि ती टोपली कुठे ठेवू, कुठे ठेवू करत खेळण्यांच्या कोपऱ्यात ठेवली. खेळण्यांच्या कोपऱ्यात ठेवलेली वस्तू म्हणजे खेळणं, हा बालवर्गाचा पहिला कायदा. पाच मिनिटांत टोपली पालथी झाली. किटलीला किटली नको होती, गाजराला गाजर नको होतं. सगळ्यांना वाघ हवा होता आणि वाघ फक्त पाच होते.

पहिला वाघ फाटला तेव्हा रडारड सुरू झाली. दुसरा फाटला तेव्हा चावाचावी. काकांना अभ्यासक्रमातलं वाक्य आठवलं: वाद मिटवताना कोणाचाही अपमान होऊ देऊ नये.

"थांबा!" ते गरजले. "आज सगळेच वाघ!"

एका वाक्यात शांतता झाली. ती अडीच सेकंद टिकली आणि मग एकवीस वाघांनी एकदम डरकाळी फोडली.

तपासनीस बाई आत आल्या तेव्हा मोठ्या बाई त्यांच्या मागे हात जोडून चालत होत्या. तपासनीस बाई कृश, सरळ, केस घट्ट बांधलेले. बगलेत बारा पानांचा फॉर्म. बोलणं इतकं कमी की जणू शब्द मोजून मिळालेत. गेल्या महिन्यात त्यांनी दोघींना घरी बसवलं होतं. त्यांनी टेबलावरचे वाघ पाहिले, गजांवरचे वाघ पाहिले, मग एक बुटकी खुर्ची ओढून बसल्या.

"शिक्षक आपण?"

"हो," काका म्हणाले.

"ही आमची मिशीताई आहे," किटली म्हणाला. किटली हा वर्गातला सर्वांत बोलका मुलगा. कोणी न विचारता माहिती देण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

बाईंनी काहीतरी लिहिलं. मग त्याच्याकडे वळल्या. "तुझं चित्र कोणतं?"

"वाघ."

"आणि तुझं?"

"वाघ."

"तुझं?"

"मीपण वाघ. पण मी दमलेला वाघ आहे."

बाईंनी पान उलटलं. "एका वर्गात इतके वाघ?"

"आज जंगल हा विषय घेतलाय!" मोठ्या बाईंनी पटकन सांगितलं आणि काकांकडे डोळे मोठे केले. त्या डोळ्यांत 'हो म्हणा' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

काकांनी 'हो' म्हणण्यासाठी तोंड उघडलंही होतं. पण पार्सल कचेरीत खोटं बोलणाऱ्याचं पार्सल शेवटी त्याच्याच टेबलावर येऊन आदळतं, हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. "नाही बाई," ते म्हणाले. "विषय वगैरे काही नाही. माझी चूक आहे." आणि मग बटाट्यासारखी किटली, कोमट पाणी, मैद्याची खळ, पंखा, टोपली, सगळं क्रमाने सांगून टाकलं. मोठ्या बाई हळूच भिंतीला टेकल्या.

"म्हणजे," तपासनीस बाई म्हणाल्या, "कोणती वस्तू कोणाची, हे आज कोणालाच सांगता येणार नाही."

काकांनी कोऱ्या ढिगांकडे पाहून मान डोलावली.

"ही मुलं आता एकमेकांच्या मगातून पाणी पिणार. एकमेकांच्या उशांवर झोपणार." त्यांनी फॉर्मचं सातवं पान काढलं. तिथे 'मुलांच्या वस्तूंची स्वच्छ व स्वतंत्र व्यवस्था' असं छापलेलं होतं. पुढे रिकामी चौकट. पेनाचं टोक त्या चौकटीवर येऊन थांबलं. काकांना त्या चौकटीत गोदाम दिसू लागलं, गोदामाचं कुलूप दिसू लागलं आणि शिट्टी तोंडात घालून उभे असलेले ते स्वतः दिसू लागले.

"मिशीताई, पाणी!" ढग त्यांची पँट ओढत म्हणाला. वाघ असलं तरी तहान लागतेच.

काकांचं सगळं लक्ष त्या पेनाकडे होतं. त्यांनी न बघता हात मागे नेला, मगांच्या ढिगावर दोन-तीन मग चाचपले, एक उचलला आणि पाणी भरून ढगाच्या हातात दिला. ढग पिऊ लागला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हा मग त्याचाच कशावरून?"

काका दचकले. हा प्रश्न त्यांनाही पडला होता. हात आपोआप गेला होता. त्यांनी ढगाच्या हातातला मग घेतला, उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"बाई, ही कड बघा. दोन खाचा आहेत ना? ढगाच्या पुढच्या दोन दातांत फट आहे आणि पाणी पिताना तो कड चावतो. रोज सांगतो, चावू नको. ढगा, आ कर."

ढगाने आ केला. बाईंनी मग त्याच्या तोंडाजवळ नेला. दात आणि खाचा कुलूपकिल्लीसारख्या जुळल्या.

"हं," बाई म्हणाल्या. "योगायोग असू शकतो." त्यांनी उशांच्या ढिगातून एक उशी ओढली. "ही?"

काकांनी उशी उलटसुलट केली. "गाजराची. तिला झोप येताना डावा कोपरा तोंडात लागतो. बघा, हा कोपरा सुटलाय, मी दोनदा टाका घातलाय."

"तो टाका आहे?" मावशी पुटपुटल्या.

"आणि ही सपात?"

"शिडीची. तो उजवा पाय ओढून चालतो, त्यामुळे टाच एका बाजूने झिजलीये. त्याच्या आईला सांगितलंय, एकदा डॉक्टरांना दाखवा म्हणून. येत्या मंगळवारी जाणारेत."

बाईंचा हात आता भराभर चालू लागला. त्या वस्तू उचलत होत्या आणि काका सांगत होते. या ॲप्रनच्या खिशात तीन खडे, एक मेलेला भुंगा, म्हणजे बेडूक. भुंगा फेकू नका, त्याचं रोज दर्शन घ्यावं लागतं. ही कपड्यांची पिशवी किटलीची, कारण तिला सात गाठी. तो बोलता बोलता हाताला मिळेल त्याला गाठी मारतो. या मगाच्या कानाला रबर गुंडाळलंय, कारण हिची बोटं घसरतात. हा मग नवा, कारण जुना ज्याने खिडकीतून टाकला तो आता तुमच्या पाठीमागे उभा आहे बाई, जरा सांभाळून.

मुलांना तर खेळच सापडला. "माझं सांग! माझं सांग!" करत वाघ टेबलांवरून, गजांवरून खाली उतरले आणि काकांभोवती गोल करून बसले. ज्याची वस्तू ओळखली जाई तो छाती काढून उभा राही. मावशी एकेक वस्तू ज्याच्या त्याच्या खुंटीखाली नेऊन ठेवत होत्या आणि मोठ्या बाई भिंत सोडून चार पावलं पुढे आल्या होत्या. काकांचा आवाज चढत होता, मिशा थरथरत होत्या. तीन महिन्यांत आपण हे सगळं पाहत होतो, लक्षात ठेवत होतो, याचा त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता. लेबल वाचायला शिकवलं होतं कचेरीने. हे कोणी शिकवलं?

एकवीस खुंट्या भरल्या. जमिनीवर पाच वस्तू उरल्या: एक मग, एक उशी, एक ॲप्रन, सपातांचा एक जोड, एक पिशवी. बावीस मुलांमधून एकवीस गेली, उरली एक. हिशोब सरळ होता.

"आणि या वाघाच्या. खऱ्या वाघाच्या," मोठ्या बाई आनंदाने म्हणाल्या. "झालं! एकशे दहाच्या एकशे दहा!"

तपासनीस बाईंचं पेन सातव्या पानाकडे निघालं. काकांनी त्या पाच वस्तू हातात घेतल्या. मगाला खाच नव्हती. उशीला चुरगळ नव्हती. ॲप्रनवर रंगाचा एक थेंब नव्हता. सपाता काल दुकानातून आणल्यासारख्या होत्या.

"थांबा बाई," ते म्हणाले.

मोठ्या बाईंनी मागून जोरजोरात मान हलवली. काकांनी पाहिलं, पण ते थांबले नाहीत.

"या पाच मी ओळखल्या नाहीत. त्या उरल्या म्हणून कळल्या. एकशे पाच झाल्या, एकशे दहा नाहीत." त्यांनी वस्तू हलकेच खाली ठेवल्या. "ही मुलगी तीन महिन्यांत वर्गात एक शब्द बोललेली नाही. रडत नाही, भांडत नाही, सांडत नाही. मला वाटायचं, किती शहाणी आहे. आमच्या कचेरीत आवाज न करणारं पार्सल सगळ्यात चांगलं समजायचे. त्याकडे कोणी बघायचंच नाही."

मोठ्या बाई परत भिंतीला टेकल्या. तपासनीस बाईंनी पेन खाली ठेवलं. "ती कुठे आहे?"

काकांनी वर्गभर नजर फिरवली. मग वाकून टेबलाखाली पाहिलं. दोन मोठे डोळे त्यांच्याकडे बघत होते.

टेबल होतं दीड हात उंच आणि काका होते चांगले भरलेले. पण ते खाली बसले, मग आडवे झाले, मग कोपरांवर सरकत आत गेले. अर्धे काका आत आणि अर्धे बाहेर अशी स्थिती झाल्यावर टेबल त्यांच्या पाठीवर उचललं गेलं. वाघ खिदळू लागले. काकांनी त्याची पर्वा केली नाही.

"तुझा वाघ सगळ्यांना वाटून टाकला ना मी?" त्यांनी हळू विचारलं. "न विचारता. चुकलं माझं."

मुलीने गुडघ्यांवर हनुवटी टेकवली.

"परत घेऊन देऊ?"

तिने मान हलवली. नाही.

"नको? वाघ नको?"

परत मान. नाही. मग तिने काकांच्या कानाशी तोंड आणलं.

"मला तो कधीच नव्हता पाहिजे," ती कुजबुजली. "मला किटली पाहिजे होती."

काकांना ते शब्द कळायला जरा वेळ लागला, कारण ते तिचे पहिले शब्द होते. "किटली? किटलीच का?"

"आमची किटली उकळली की शिट्टी मारून ओरडते, तरी तिला कोणी गप्प बस म्हणत नाही."

काकांनी तिथूनच, टेबल पाठीवर घेऊन, हाक मारली. "किटली! तुझी किटली हिला देशील?"

"घे!" किटली म्हणाला. "मला कुठे पाहिजे? मी वाघ आहे."

"बघ, झालीस किटली. आता उकळ."

ती काकांकडे बघत राहिली. मग गाल फुगवले, डोळे मिटले आणि शिट्टी फुटली. आधी बारीक, मग मोठी, मग इतकी मोठी की खिडकीवरचं कबुतर उडालं, मोठ्या बाईंनी कानावर हात ठेवले आणि तपासनीस बाईंचं पेन गडगडत टेबलाखाली गेलं. तीन महिन्यांची वाफ होती ती, एका दमात संपेल कशी! तिने श्वास घेतला आणि परत सुरू केलं. एकवीस वाघांनी क्षणभर एकमेकांकडे पाहिलं आणि मग तेही एकेक करून किटल्या झाले.

बावीस किटल्या उकळून गार व्हायला अर्धा तास लागला. त्यानंतर खाऊ झाला, हात धुणं झालं, आणि झोपेची वेळ आली तेव्हा मुलं अशी दमली होती की गादीवर पडेपर्यंत अर्धी झोपलेली होती. ज्याची उशी त्याला मिळाली होती. गाजराने कोपरा तोंडात घातला. बेडकाने भुंगा उशाशी ठेवला. नवी किटली काकांचं बोट घट्ट धरून आडवी झाली. काकांनी दोनदा बोट हळूच सोडवून पाहिलं. दोन्ही वेळा तिने डोळे उघडले. मग ते तिच्याजवळ भिंतीला टेकून बसले. बुधवारची अख्खी रात्र एकशे दहा चित्रं कातरण्यात गेली होती आणि गुरुवारी तपासणीच्या विचाराने त्यांचा डोळा लागला नव्हता. पडदे ओढलेले, पंखा मंद, बावीस छोटे श्वास. मावशी पलीकडे गादीजवळ बसून पहारा देत होत्या. काकांची मान आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग छातीवर स्थिरावली.

मोठ्या बाई फॉर्मवर काकांची सही घ्यायला तपासनीस बाईंना घेऊन आल्या तेव्हा दारातच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कामावर झोपणं! नियमावलीत त्याला वेगळं कलम होतं. त्या पुढे धावल्या.

"उठवते! आत्ता उठवते!"

"शू!" तपासनीस बाईंनी त्यांचं मनगट पकडलं. "आत्ताच लागलीये."

"पण सही..."

"होईल मग." आणि त्या परत त्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. बाहेर चालकाने एकदा भोंगा वाजवला. बाईंनी मावशींना पाठवून त्याला गप्प बसायला सांगितलं. मांडीवर फॉर्म ठेवून त्यांनी अकरावं पान काढलं. 'विश्रांतीच्या वेळी शांत झोपलेली मुले' असा रकाना होता. बाईंनी एका टोकापासून बोटाने मोजायला सुरुवात केली, भिंतीपाशी आल्यावर आणखी एक मोजलं, आणि आकडा लिहिला.

मोठ्या बाईंनी खांद्यावरून वाकून पाहिलं. "बाई, तेवीस झाले. पटावर बावीस आहेत."

"माहीत आहे मला."

"कचेरीतून फॉर्म परत येईल."

"येऊ दे. मी परत तेच लिहीन," बाई म्हणाल्या आणि बाराव्या पानाकडे वळल्या.

काकांना जाग आली ती पाऊण तासाने, कोणीतरी मिशी ओढल्यामुळे. समोर तपासनीस बाई. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन. काकांना घाम फुटला. सारं जिंकून ऐन वेळी माती खाल्ली! ते धडपडत सरळ बसले, "बाई, मी... जरा डोळा..." म्हणू लागले. बाईंनी काही न बोलता शेवटचं पान पुढे केलं. काकांनी चष्मा शोधला, तो जुन्या किटलीच्या डोळ्यांवर होता, तो घेतला आणि वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. मग ती अक्षरं हलू लागली, कारण डोळे भरून आले होते. 'योग्य. कायम करण्यात यावे.' सही करताना त्यांचं बोट अजून नव्या किटलीच्या मुठीत होतं, म्हणून डाव्या हाताने केली. ती फारच वाईट आली.

बाई निघून गेल्यावर त्यांनी व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला.

"किती वेळ वाट बघायची माणसाने?" बायको म्हणाली. "दादा इथेच बसलाय शिट्टी घेऊन. काय झालं? आणि आवाज असा का येतोय?"

"आत्ता झोपेतून उठलोय."

"शाळेत झोपलात? तपासणीच्या दिवशी?"

"बाईंच्या समोर. पाऊण तास."

"अगं आई गं." मग आवाज मऊ झाला. "जाऊ द्या हो. वाईट वाटून घेऊ नका. गोदाम आहेच ना आपलं."

"गोदाम कशाला? कायम झालो मी!" काका इतक्या जोरात ओरडले की आतून एक किटली जोरात शिट्टी वाजवून उत्तर देऊ लागली. "दादाला सांग, शिट्टी वाया घालवू नको म्हणावं. इथे पाठवून दे. एक मुलगी आहे, तिला उपयोगी पडेल."